कोकण रेल्वेवरच्या मालगाड्यांचे फोटो मोबाईलवर कसे काढायचे? ऑक्टोबरसाठी संपूर्ण मार्गदर्शक

रेल्वेचे फोटो म्हटलं की बहुतेकांच्या गॅलरीत वंदे भारत, तेजस, मांडवी, जनशताब्दी असतात. मालगाडीकडे कोणी बघत नाही. फाटक बंद झालं की "अरे यार, मालगाडी आहे" म्हणून आपण वैतागतो आणि रील बघत बसतो. पण फोटोच्या दृष्टीने पाहिलं तर मालगाडी हा प्रवासी गाडीपेक्षा कितीतरी मजेदार विषय आहे. ती लांब असते, प्रत्येक वेळी वेगळी असते, आणि कोकण रेल्वेवर तर चक्क ट्रक पाठीवर घेऊन धावते.

मी गेली काही वर्षं दर ऑक्टोबरमध्ये चिपळूण ते कणकवली या पट्ट्यात मोबाईल घेऊन फिरतो. महागडा कॅमेरा नाही, मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. या लेखात गाडी ओळखण्यापासून ते फोटो जपून ठेवण्यापर्यंत सगळं एका जागी दिलं आहे. जाण्याआधी एकदा पूर्ण वाचा, आणि सुरक्षिततेचा भाग तर वगळूच नका.

## ऑक्टोबरच का?

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरुजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किमी धावते. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. पावसाळ्यात हा मार्ग सुंदर दिसतो यात वाद नाही, पण मोबाईलसाठी तो काळ कठीण: प्रकाश कमी, लेन्सवर थेंब, आणि सगळीकडे एकच हिरवा रंग.

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्या शरद ऋतूत, चित्र बदलतं:

- पाऊस सरल्यावर हवा धुतलेली असते, लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात. पुढे थंडीत सकाळची धूसर हवा सुरू झाली की हा स्वच्छपणा जातो.
- भात पिकून पिवळं झालेलं असतं, काही ठिकाणी कापणी चालू असते. सड्यावरचं गवत हिरव्याचं सोनेरी होत जातं. बांधावर कुर्डूचे गुलाबी तुरे दिसतात.
- नद्यांना अजून भरपूर पाणी असतं, त्यामुळे पुलाचं प्रतिबिंब मिळू शकतं.
- सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. याचा थेट फायदा कसा होतो ते पुढे सांगतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असं असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं गेलं. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्येच गाड्यांच्या वेळा आणि वेग दोन्ही बदलतात. मागच्या आठवड्यात पाहिलेली वेळ या आठवड्यात तीच असेल असं धरून चालू नका.

## आधी हे वाचा: सुरक्षितता आणि कायदा

हा भाग मुद्दाम वर घेतला आहे. उभ्या मालगाडीवर चढून सेल्फी काढताना किंवा रुळांवर रील बनवताना तरुण मुलांचे जीव गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत.

१. वरची तार. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, यावरून अंदाज करा. या तारेला हात लागायचीही गरज नाही, खूप जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. म्हणून वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, चढणं म्हणजे सरळ मृत्यूला बोलावणं. पादचारी पुलावरून किंवा रस्त्याच्या पुलावरून सेल्फी स्टिक तारेच्या दिशेने बाहेर काढणंही तितकंच धोक्याचं.

२. आवाजावर विसंबू नका. डिझेल इंजिन लांबून घरघरत यायचं. इलेक्ट्रिक इंजिन त्या मानाने शांत असतं, त्यात वारा उलटा असेल आणि तुमच्या कानात इअरबड्स असतील तर गाडी जवळ येईपर्यंत कळत नाही. शिवाय मोठी वस्तू आपल्या डोळ्यांना आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं. "अजून लांब आहे" हा अंदाज त्यामुळेच चुकतो.

३. गाडी रुळापेक्षा रुंद असते. दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर आहे, पण वाघीण साधारण ३.२ मीटर रुंद असते. म्हणजे ती रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना पाऊण मीटर येते. ट्रकवर बांधलेली ताडपत्री किंवा सुटलेला दोर त्याहून बाहेर येऊ शकतो. मी स्वतः रेल्वेच्या हद्दीबाहेरच उभा राहतो. तिथून चांगला फोटो मिळत नसेल तर ती जागा आपली नाही, एवढं साधं आहे.

४. कायदा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रूळ, पूल, बोगद्याचं तोंड ही सगळी रेल्वेची हद्द आहे. स्टेशनवर जाताना प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, पिवळ्या रेषेच्या आत राहा, आणि स्टेशन मास्तर किंवा आरपीएफ जवानाने "फोटो नको" म्हटलं तर वाद न घालता थांबा. व्यावसायिक शूट करायचं असेल तर लेखी परवानगी लागते. ड्रोन तर परवानगीशिवाय काढूच नका.

५. हात वर करू नका, फ्लॅश वापरू नका. हे फार कमी लोकांना माहीत असतं. झेंडा किंवा दिवा नसेल तेव्हा दोन्ही हात डोक्यावर उंच धरणं हा रेल्वेत "थांबा" असा इशारा असतो. लाल कापड हलवणं म्हणजेही धोक्याचा इशारा. दोन्ही हात उंचावून मोबाईल धरलात किंवा उत्साहात हात हलवलेत, तर लोको पायलटला काय वाटेल याचा विचार करा. मोबाईल छातीसमोर धरा, आणि लाल टी-शर्ट घरीच ठेवा.

६. साप आणि शेत. कातळसड्यावर फुरसं असतं, कापणीच्या शेतातही साप निघतात. चप्पल नको, बूट घाला. आणि शेतात पाऊल टाकण्याआधी विचारा: "काका, बांधावर उभं राहून गाडीचा फोटो काढू का?" आजवर मला क्वचितच कोणी नाही म्हटलं आहे. उलट "सकाळची एक गेली, आता दुपारशिवाय नाही" अशी पक्की माहिती मिळते.

## समोरून कोणती मालगाडी येतेय?

गाडी ओळखता आली की फोटो कुठून काढायचा हे ठरवता येतं. कोकण रेल्वेवर आणि इतरत्र साधारण हे प्रकार दिसतात:

- रो-रो: सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक. ही सेवा १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत सुरू झाली, नंतर सुरतकलपर्यंत वाढली. ट्रकचे ड्रायव्हर, क्लीनर ट्रकमध्येच बसून प्रवास करतात. २०२५ च्या गणपतीत कारसाठीही अशी सेवा सुरू झाली. फोटोसाठी बाजूने काढा, म्हणजे रंगीबेरंगी ट्रकची रांग दिसते.
- बॉक्सएन: वरून उघड्या, उंच भिंतीच्या वाघिणी. कोळसा, खनिज वगैरे. थोड्या उंचावरून काढल्यास आतला माल दिसतो.
- बीसीएन: बंद वाघिणी. सिमेंट, धान्य, खत. दिसायला एकसुरी, त्यामुळे वळणावर लांबी दाखवण्यासाठी उत्तम.
- बीटीपीएन: गोल टाक्या, पेट्रोल-डिझेलसाठी. तिरप्या उन्हात टाकीच्या गोलाईवर प्रकाशाची रेघ छान उमटते.
- बीएलसी: कंटेनर वाहणाऱ्या कमी उंचीच्या सपाट वाघिणी.

इंजिनाच्या नावाचाही अर्थ आहे. डब्ल्यूएजी-९ मध्ये "डब्ल्यू" म्हणजे ब्रॉडगेज, "ए" म्हणजे एसी विजेवर चालणारं, "जी" म्हणजे मालगाडीसाठी, आणि ९ हा मॉडेलचा क्रमांक. "डी" असेल तर डिझेल, "पी" असेल तर प्रवासी गाडीसाठी, "एम" असेल तर दोन्हींसाठी. फोटोच्या माहितीत इंजिनाचा नंबर लिहून ठेवलात तर काही वर्षांनी तोच फोटो नोंद म्हणून कामाला येतो. या मार्गावरचं डिझेलचं राज्य संपलं तेव्हा ज्यांच्याकडे जुने फोटो होते, त्यांच्याकडे आज खरा खजिना आहे.

## मालगाडीला वेळापत्रक नाही, मग ती कधी येणार?

प्रवासी गाडी एनटीईएस किंवा "व्हेअर इज माय ट्रेन" ॲपवर दिसते. मालगाडी दिसत नाही. पण थोडं डोकं लावलं तर अंदाज बांधता येतो.

रोहा ते वीर हा भाग दुहेरी झाला आहे. त्याच्या पुढचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या फक्त स्टेशनवरच एकमेकींना ओलांडू शकतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. अशा वेळी बहुधा मालगाडीला बाजूच्या लूप लाईनवर थांबवून प्रवासी गाडीला पुढे काढतात. यातून तीन उपयोगी सूत्रं निघतात:

१. ॲपवर तुमच्या जवळच्या दोन स्टेशनांदरम्यानच्या सगळ्या प्रवासी गाड्यांच्या वेळा काढा. त्यात तासाभराची मोकळी जागा दिसली की मालगाडीची शक्यता तिथे जास्त.

२. स्टेशनवर मालगाडी लूपवर उभी दिसली तर समोरून किंवा मागून येणारी प्रवासी गाडी ॲपवर शोधा. ती गेल्यावर थोड्या वेळात मालगाडी सुटण्याची शक्यता चांगली. तेवढ्या वेळात तुम्ही पुढच्या ठरवलेल्या जागी पोहोचू शकता. गाडीशी शर्यत लावून बाईक हाकायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

३. फाटक बंद झालं आणि ॲपवर जवळपास कोणतीच प्रवासी गाडी नाही? मग येणारी बहुधा मालगाडीच. लगेच कॅमेरा उघडा.

आणि हो, संयम ठेवा. मी तीन तास बसून एकही मालगाडी न पाहता परतलो आहे, आणि अर्ध्या तासात दोन मिळाल्याचंही झालं आहे. पाणी, पॉवर बँक आणि टोपी सोबत असू द्या.

## सूर्य कुठे आहे ते बघा

ऑक्टोबरच्या मध्यावर रत्नागिरीत सूर्योदय साधारण साडेसहाला, सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. सगळ्यात चांगला प्रकाश सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात.

कोकण रेल्वे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण धावते. त्यामुळे:

- सकाळी मार्गाच्या पूर्वेला उभे राहा, गाडीच्या त्या बाजूवर ऊन पडतं.
- संध्याकाळी पश्चिमेला.
- दिवसभर सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणजे मडगावकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचं तोंड उजळतं, आणि मुंबईकडे येणाऱ्या गाडीचं तोंड सावलीत राहतं. समोरून फोटो हवा असेल तर दक्षिणेकडे जाणारी गाडी निवडा.

मार्ग डोंगरांतून वळणं घेतो, त्यामुळे प्रत्येक जागा आधी मॅपच्या सॅटेलाईट व्ह्यूमध्ये पाहा. मोबाईलमधला होकायंत्राचा ॲप पुरेसा आहे. विजेच्या खांबांकडेही लक्ष द्या: एकेरी मार्गावर ते बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला असतात. खांब नसलेली बाजू आणि उन्हाची बाजू एकच आली तर ती जागा मॅपवर सेव्ह करून ठेवा.

## मोबाईलची सेटिंग्ज, कारणासहित

### शटर स्पीड किती ठेवायचा?

नुसता आकडा पाठ करण्यापेक्षा हिशोब समजून घेऊ. गाडी ताशी ७२ किमी वेगाने जातेय असं धरा. म्हणजे सेकंदाला २० मीटर.

- १/१०० सेकंदात गाडी २० सेंमी सरकते.
- १/५०० सेकंदात ४ सेंमी.
- १/१००० सेकंदात २ सेंमी.

आता तुम्ही रुळापासून साधारण २८ मीटरवर उभे आहात. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात तिथे सुमारे ४० मीटर रुंदीचं दृश्य मावतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४,००० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे १ पिक्सेल बरोबर १ सेंमी. १/१०० ला फोटो २० पिक्सेल पुसट होईल, वाघिणीवरचे आकडे वाचता येणार नाहीत. १/१००० ला फक्त २ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ कडक शार्प.

म्हणून नियम असा: बाजूने जाणाऱ्या गाडीसाठी १/१००० किंवा जास्त, समोरून तिरप्या येणाऱ्या गाडीसाठी १/५०० चालतो. समोरून येणारी गाडी फ्रेममध्ये आडवी सरकत नाही, फक्त मोठी होत जाते, त्यामुळे तिथे सूट मिळते. झूम केलंत तर मात्र पिक्सेलचा हिशोब बदलतो: दुप्पट झूम, दुप्पट पुसटपणा.

बहुतेक मोबाईलचं ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे तुमच्या हातात फक्त शटर आणि आयएसओ असतं. भर उन्हात फोन ऑटोवरच १/४००० च्या आसपास जातो, काळजी नको. खरी अडचण संध्याकाळी, झाडांच्या सावलीत आणि खोल कटिंगमध्ये येते. तिथे फोन आपोआप शटर हळू करतो. अशा वेळी प्रो मोडमध्ये शटर १/१००० वर अडकवा आणि आयएसओ वाढू द्या. थोडे दाणे आलेले चालतात, पुसट गाडी चालत नाही.

### फोकस आणि एक्स्पोजर आधीच लॉक करा

गाडी आल्यावर फोनने फोकस शोधत बसायला नको. गाडी जिथे येणार आहे तिथल्या खांबावर किंवा झाडावर स्क्रीनवर दाबून धरा. आयफोनवर "एई/एएफ लॉक" असं दिसतं, अँड्रॉइडवर बहुधा कुलपाचं चिन्ह. प्रो मोड असेल तर फोकस सरळ अनंतावर ठेवा, मोबाईलच्या मुख्य लेन्समध्ये काही मीटरच्या पुढचं सगळं स्पष्टच येतं.

लॉक केल्यावर एक्स्पोजर थोडं खाली ओढा, साधारण -०.३ ते -०.७. इंजिनाचा हेडलाईट प्रखर असतो आणि ऑक्टोबरचं आकाशही. पांढरंफटक झालेलं आकाश नंतर परत आणता येत नाही, अंधारलेली वाघीण मात्र एडिटिंगमध्ये उजळता येते.

### एचडीआर बंद का?

एचडीआरमध्ये फोन पटापट अनेक फोटो काढून एकत्र करतो. डोंगर हलत नाही, त्याला चालतं. गाडी मात्र दोन फोटोंच्या मधे पुढे गेलेली असते, त्यामुळे कडांवर भुताटकीसारखी दुहेरी रेघ दिसते. नवे फोन हे बरंच सांभाळून घेतात, पण शक्य असेल तिथे बंद करा. नाईट मोड तर चालत्या गाडीसाठी नकोच.

### वाघिणी तिरप्या का दिसतात?

जवळून काढलेल्या फोटोत कधी कधी वाघिणींच्या उभ्या कडा कललेल्या दिसतात. कॅमेरा खराब नाही. मोबाईलचा सेन्सर सगळा फोटो एका क्षणात वाचत नाही, एकेक ओळ वाचत जातो. समजा पूर्ण वाचायला १/५० सेकंद लागला, तर तेवढ्यात आपली गाडी ४० सेंमी पुढे गेली. वरची ओळ आधीची, खालची नंतरची, म्हणून कड तिरपी. याला रोलिंग शटर म्हणतात. शटर स्पीड वाढवून हे जात नाही. उपाय एकच: लांब उभे राहा आणि अगदी आडव्याऐवजी तिरप्या कोनातून काढा. सुरक्षिततेसाठीही तेच बरं.

### बर्स्ट कधी?

५८ वाघिणींची बॉक्सएन गाडी इंजिन आणि ब्रेक व्हॅन धरून साधारण ६५० मीटर लांब होते. ताशी ७२ किमीला ती तुमच्यासमोरून अंदाजे ३३ सेकंदांत निघून जाते. सगळा वेळ बर्स्ट दाबून ठेवलात तर फोन अडकतो. इंजिन ठरवलेल्या जागी येण्याच्या दोन सेकंद आधी सुरू करा, दोन सेकंद नंतर सोडा. आयफोनवर शटरचं बटण डावीकडे ओढायचं, सॅमसंगवर ते कडेकडे ओढायचं. बाकी कंपन्यांत बहुधा दाबून धरलं की होतं.

## फ्रेम कशी लावायची?

- लांबी दाखवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूपेक्षा आतल्या बाजूने, थोड्या उंचावरून पाहिलं तर इंजिन आणि शेपूट एकाच फ्रेममध्ये येतात. रस्त्याचा उड्डाणपूल किंवा टेकडीवरची पायवाट यासाठी उत्तम.
- पुलाला खालून बघा. रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच आहे. अशा ठिकाणी गाडी लहान आणि खांब मोठे ठेवा. माणसाने काय बांधलंय ते तेव्हाच कळतं. पुलावर पाय ठेवायची गरजही नाही आणि परवानगीही नाही.
- बोगद्यापासून लांब राहा, झूम वापरा. उक्षी ते भोके दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किमीचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. बोगद्याच्या काळोखातून येणारा हेडलाईट सुंदर दिसतो, पण तो टेलिफोटो लेन्सने, हद्दीबाहेरून. टेलिफोटो नसेल तर २एक्स पर्यंतच झूम करा, त्यापुढे फोन फक्त फोटो ताणतो.
- शेत पुढे घ्या. पिवळं भात खालच्या एक तृतीयांश भागात, गाडी मधे, डोंगर वर. कापणी करणारी माणसं फ्रेममध्ये असतील तर आधी विचारा.
- शेपटाला विसरू नका. शेवटच्या ब्रेक व्हॅनच्या मागे "एलव्ही" पाटी असते, म्हणजे शेवटचा डबा. ती पाहून स्टेशनवाल्यांना कळतं की गाडी अख्खी आली, मधे तुटली नाही. गार्ड हात हलवतात, त्यांनाही एका हाताने नमस्कार करा. त्यातला फोटो कधी कधी इंजिनापेक्षा भारी येतो.

## व्हिडिओ काढायचा असेल तर

फोन आडवा धरा, ४के ६० एफपीएस ठेवा, आणि फोन स्थिर ठेवून गाडीला फ्रेममधून जाऊ द्या. गाडीसोबत फोन गरगर फिरवला की सगळं डचमळतं. ४के व्हिडिओतून काढलेली एक फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, म्हणजे फोटो हुकला तरी इन्स्टापुरता फोटो मिळतो. ऑक्टोबर हीटमध्ये फोन तापतो आणि रेकॉर्डिंग मधेच बंद पडतं, म्हणून वाट बघताना फोन सावलीत ठेवा, कव्हर काढा, आणि त्या वेळी चार्जिंगला लावू नका.

## फोटो जपा आणि नीट शेअर करा

- रॉ फाईल जेपेगपेक्षा कितीतरी मोठी असते. निवडक फ्रेमसाठीच रॉ वापरा.
- एडिटिंगमध्ये आधी क्षितिज सरळ करा, मग सावल्या थोड्या उजळा. सॅच्युरेशन फार वाढवलं की ऑक्टोबरचं सोनेरी गवत केशरी दिसू लागतं.
- व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो. मूळ दर्जा हवा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.
- फाईलला तारीख, जागा, इंजिन नंबर अशी नावं द्या आणि एक प्रत फोनबाहेर ठेवा. फोन हरवला की तीन वर्षांचे फोटो एका क्षणात जातात.
- सार्वजनिक पोस्टमध्ये कोणाच्या शेतातलं किंवा अंगणातलं अचूक लोकेशन टाकू नका. एक रील व्हायरल झाली की तिथे गर्दी होते, भात तुडवलं जातं, आणि पुढच्या वर्षी "काका, फोटो काढू का?" याचं उत्तर "नाही" असं मिळतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बजेट फोनवर जमेल का?
जमेल. दिवसा, चांगल्या उन्हात फरक फार कमी पडतो. प्रो मोड नसेल तर ऑटोवर एक्स्पोजर खाली ओढून काढा, बऱ्याचदा फोन शटरही जलद ठेवतो.

गाडी शार्प आणि मागचं सगळं पळताना दिसतं, ते कसं?
त्याला पॅनिंग म्हणतात. शटर १/६० च्या आसपास ठेवून फोन गाडीच्या वेगाने फिरवायचा. भर उन्हात फोटो पांढरा होईल, एनडी फिल्टर लागतो. सूर्यास्तानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत फिल्टरशिवाय जमतं. दहातला एक बरा आला तरी खूश व्हा.

चालत्या प्रवासी गाडीतून काढू का?
सीटवर बसून, खिडकीतून काढा. दारात लटकून नाही. फोन आणि हात दोन्ही खिडकीच्या आत राहू द्या. क्रॉसिंगला गाडी थांबली की शेजारच्या लूपवर मालगाडी अगदी जवळून मिळते, इंजिन नंबर टिपायला तीच सगळ्यात चांगली वेळ.

कोकणाबाहेर कुठे?
कर्जत ते लोणावळा घाटात मालगाडीला मागून जादा इंजिनं लावलेली दिसतात, कारण चढ ३७ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. लोणावळ्याकडच्या रस्त्यांवरून, अधिकृत ठिकाणांवरून पाहा. दूधसागरला मात्र रुळांवरून चालत जाणं बंद आहे, तिथे कलम १४७ खाली कारवाई होते.

## निघण्यापूर्वीची यादी

१. प्रवासी गाड्यांच्या वेळांचा स्क्रीनशॉट, कारण दरीत नेटवर्क नसतं.
२. हद्दीबाहेरची जागा आणि सूर्याची बाजू मॅपवर ठरवलेली.
३. लेन्स पुसलेली. खिशातल्या बोटांच्या तेलकट डागामुळे हेडलाईट पसरतो.
४. शटर १/१०००, फोकस लॉक, एचडीआर बंद, एक्स्पोजर थोडं खाली.
५. बूट, पाणी, टोपी, पॉवर बँक. लाल कपडे नाहीत, कानात काही नाही.
६. घरी कोणालातरी सांगून ठेवा, कुठे जाताय आणि कधी परत येणार.

भरलेल्या मालगाडीला पूर्ण थांबायला एक किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागू शकतं. लोको पायलटने तुम्हाला पाहिलं तरी तो काही करू शकत नाही, जे करायचं ते तुम्हालाच आधी करायचं आहे. एखादी फ्रेम हुकली तर हुकू द्या. संध्याकाळपर्यंत अजून एखादी रो-रो येईल, नाही आली तर पुढच्या रविवारी येईल.